तांबड्या मातीच्या पुड्या



बिदर शहरापासून कोसभर पूर्वेला अष्टूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे बहामनी सुलतानांच्या कबरींचे घुमट ओळीने उभे आहेत. त्यांपैकी अहमदशहा वलीच्या घुमटात मी प्रथम पाऊल टाकले तेव्हा बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत होते आणि आत काळोख होता. बराच वेळ काहीच दिसेना. इतक्यात तेथील राखणदार दारात जाऊन उभा राहिला आणि हातातल्या आरशाने त्याने उन्हाचा एक कवडसा आत सोडला. तो कवडसा भिंतीवरून सरकत घुमटाच्या पोटात चढला, आणि जेथे जेथे तो गेला तेथे तेथे काळोखातून रंग उगवू लागले. हिंगुळासारखा तांबडा, खोल निळा, आणि त्यांच्या मधून सोन्याच्या अक्षरांच्या ओळी. हा सुलतान इ. स. १४२२ ते १४३६ या काळात राज्यावर होता. कलबुर्गीहून, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतल्या गुलबर्ग्याहून, बिदरला राजधानी आणली ती त्यानेच. तेव्हा मी पाहत होतो तो रंग जवळजवळ सहाशे वर्षांचा होता. मी शाळेत चित्रकला शिकवीत असे, आणि माझ्या शाळेच्या भिंतीवर मी स्वतः काढलेले चित्र सहा पावसाळ्यांत पुसट झाले होते.

राखणदाराला मी विचारले, "हे रंग कसले हो?" तो म्हणाला, "पत्थर के हैं, साब." एवढे बोलून त्याने आरसा खाली केला. त्या तीन शब्दांनी मला पुढली अनेक वर्षे उन्हातान्हात हिंडविले. आज माझ्याजवळ एक शिसवी पेटी आहे. तिच्यात जुन्या खनिज रंगांच्या चाळीस-एक पुड्या, डब्या आणि कुप्या आहेत. त्या पेटीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

खनिज रंग म्हटले म्हणजे काही दूरदेशीची अपूर्वाई डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवून शेंदूर फासतात, तो मुळात शिशाचे भस्म होय. तुळशीवृंदावनाला आपण गेरूचा हात देतो. सोनार त्याच गेरूने दागिन्याला झळाळी आणतो. एखाद्या कामावर हरताळ फासला असे आपण सहज म्हणून जातो, पण हरताळ हा सोमल आणि गंधक यांचा पिवळाजर्द दगड आहे, आणि पोथीत लेखकाकडून चूक झाली की ती अक्षरे त्याच्या लेपाने झाकून टाकीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुनी पोथी उजेडात धरली तर ते पिवळे डाग अजून दिसतात. म्हणजे आपल्या भाषेत हा दगड जिवंत आहे. दुकानातून मात्र तो नाहीसा झाला आहे. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद येथल्या बाजारांत काष्ठौषधींची जी जुनी दुकाने उरली आहेत, त्यांच्या वरच्या फळीवरच्या डब्यांत कधीकधी हिंगूळ, मनशीळ, हरताळ असे काही सापडते. पण पुष्कळदा नाव जुने आणि आतली भुकटी कारखान्यातली, असा प्रकार असतो. हिंगुळाची माझी पहिली परीक्षा अगदी साधी आहे. एका तळहातावर गेरूची डबी घ्यावी, दुसऱ्यावर तेवढीच हिंगुळाची घ्यावी आणि डोळे मिटावेत. खरा हिंगूळ पाऱ्याचा असतो. तो हाताला खाली ओढतो. शेंदूरही तसाच जड असतो खरा, पण त्या दोघांचा रंग सवयीच्या डोळ्याला निराळा कळतो.

येथेच एक सूचना करून ठेवतो. पारा, शिसे आणि सोमल यांचे हे पदार्थ विषारी आहेत. स्वयंपाकघरातला खलबत्ता त्यांना लावू नये, कोरडे कुटू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. माझी पेटी कुलुपात असते ती तिच्या किमतीमुळे नव्हे.

अष्टूरने मला प्रश्न दिला. उत्तराची दिशा मात्र एका स्नेह्याने जपानहून आणलेल्या तीन कुप्यांनी दाखविली. जपानी परंपरेच्या चित्रकलेला तिकडे निहोंगा म्हणतात. तिच्यातले मुख्य रंग दगडांचे असतात. निळा गुंजो आणि हिरवा रोकुशो हे दोन्ही तांब्याच्या खनिजांपासून निघतात, तांबडा शिन्शा म्हणजे आपला हिंगूळच, आणि पांढरा गोफुन हा वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवून जिरविलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा. हे सारे निकावा नावाच्या सरसात कालवून लावतात. त्या तीन कुप्यांत मला तीन निळे दिसले, एक रात्रीसारखा गर्द, एक मोरपिशी, एक पहाटेच्या आभाळासारखा फिका. मी समजलो की हे तीन रंग आहेत. चिठ्ठ्यांवर मात्र नाव एकच होते. वेगळा होता तो आकडा. दगड एकच. फरक फक्त कणांच्या जाडीचा. कण मोठा तर रंग गडद, कण बारीक तर रंग फिका. दुकानदार पाच ते तेरा असे आकडे लावतात, आणि तेराच्याही पुढे, केवळ धूळ राहावी इतके बारीक झाले की त्याला पांढऱ्याच्या नावाने ओळखतात.

चांगला निळा दगड आता खाणींतून फारसा निघत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात रंगीत काच भट्टीत तयार करून ती कुटून विकू लागले. ती काही वाईट नसते. स्वस्त असते आणि हव्या त्या छटेत मिळते. परंतु दगडाच्या कणांत सगळे कण सारखे नसतात, आणि त्या असमानतेमुळे उजेड त्यांच्यावर जसा खेळतो तसा काचेवर खेळत नाही. ह्यामुळेच तिकडे जुन्या चित्रकारांच्या घरी उरलेल्या पुड्या, बंद पडलेल्या दुकानांतल्या बरण्या शोधीत हिंडणारे लोक आहेत. क्योटोत १७५१ सालापासून चालत आलेले रंगांचे एक दुकान आजही आहे. आपल्याकडे असे अखंड चाललेले दुकान मला आढळले नाही. पण ज्या डोंगरांनी रंग दिले ते डोंगर आहेत तेथेच आहेत.

बिदरचे पठार म्हणजे काळ्या कातळावर बसविलेली जांभ्या दगडाची टोपी आहे. किल्ल्याचा तिहेरी खंदक ह्याच जांभ्यात खोदला आहे. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. त्याच्या तांबडेपणाचे मूळ लोखंडात आहे, आणि जेथे ते लोखंड मऊ मातीच्या रूपाने साठले आहे तेथे गेरू सापडतो. बिदरच्या नैर्ऋत्येला सिरसी आणि औराद ह्या गावांजवळ असा गेरू आहे, आणि त्याच बाजूला कमठाण्याजवळ पांढरी चिकणमाती आहे. आमच्या भागात औराद नावाची गावे बरीच. एक तालुक्याचे औराद उत्तरेस आहे, एक औराद शहाजनी महाराष्ट्राच्या निलंगा तालुक्यात आहे. गेरूचे औराद ते हे, सिरसीशेजारचे. पहिल्या खेपेस मी चुकीच्या औरादला जाऊन, तेथे एका घरी उत्तम ज्वारीची भाकरी खाऊन परत आलो होतो.

बिदरची माती आणखी एका गुणासाठी प्रसिद्ध आहे. बिदरी काम करणारे कारागीर जस्त आणि तांब्याचे भांडे चांदीने जडवून झाले की किल्ल्याच्या जुन्या भागातली, ऊनपाऊस न लागलेली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात ते बुडवितात. जस्त काळे होते, चांदी पांढरीच राहते. योग्य माती कोणती हे जुने कारागीर जिभेला लावून ठरवीत. हा रंग नव्हे हे मला मान्य आहे. परंतु मातीची पारख हा एक स्वतंत्र व्यासंग असू शकतो, तो हाताने आणि जिभेने बापाकडून मुलाकडे जातो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. गेरूच्या बाबतीत अशी साखळी तुटली आहे. खाण आहे, माती आहे, पण कोणत्या थरातली घ्यावी, किती वेळा धुवावी, कोणती टाकावी हे सांगणारा माणूस शोधावा लागतो.

माझ्या हातून झालेल्या चुका सांगितल्या तर त्या नव्या संग्राहकाच्या उपयोगी पडतील. पहिला गेरू आणला तेव्हा घोटण्यासाठी मी घरातली शहाबादी फरशी वापरली. आमच्याकडे ती चुलीपासून न्हाणीपर्यंत सगळीकडे. कलबुर्गी जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांना फरशी पुरविली आहे. दोन दिवस घोटून तांबडा रंग काही केल्या खुलेना, उलट तो राखाडी होत चालला. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की मी गेरू फरशीवर घोटीत नसून फरशी गेरूने घोटीत आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि गेरूतले लोहकण त्याहून कठीण. आईच्या वेळचा काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा माळ्यावरून खाली काढला तेव्हा काम मार्गी लागले.

दुसरी चूक भरून निघण्यासारखी नव्हती. बसवकल्याणच्या बाजूला एका मराठी घराण्यात पूर्वी कोणी भिंतीवर गणपती, गजलक्ष्मी आणि दशावतार काढीत असे, अशी बातमी मला लागली. मी गेलो त्या दिवशी घर पांढरे करण्याचे काम चालले होते आणि माळ्यावरची अडगळ अंगणात येऊन पडली होती. तिच्यात एक पत्र्याचा डबा होता. डब्यात वाळून खडा झालेले रंग असलेल्या चार करवंट्या, एक झिजलेली सहाण आणि कागदाच्या काही पुड्या. घरच्या वृद्ध काकूंनी तो मला दिला. "आजेसासऱ्यांचे आहे. मुलांना काय करायचे? तुम्ही न्याल तर निदान उकिरड्यावर तरी जायचे नाही," असे त्या म्हणाल्या. मी इतका हरखून गेलो की कोणती पुडी करवंटीत होती, कोणती सहाणेखाली होती, कशावर काय लिहिले होते, याची टिपणे न घेता सारे तसेच पिशवीत टाकले. बसच्या धक्क्यांनी तीन पुड्या फुटल्या आणि त्यांचे कागद निराळे झाले. घरी आल्यावर माझ्यापुढे तीन तांबड्या राशी आणि तीन सुटे कागद होते. कोणता कागद कोणाचा ते आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पूर्वी ह्या तीन वस्तूंना नाव, गाव आणि कर्ता होता. माझ्या एका प्रवासाने त्यांची नुसती धूळ केली. रंगीत धूळ बाजारात पाहिजे तेवढी मिळते.

एक पुडी तेवढी शाबूत राहिली. तिच्यावर मोडीत तीन शब्द आहेत, "तांबडी, धुतलेली, दुसरी". मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी ते वाचून दाखविले तेव्हा ह्या 'दुसरी'चा अर्थ मला लागेना. पहिली संपली म्हणून दुसरी, असे त्यांनी सुचविले. मग एकदा स्वतः गेरू धूत असताना तो लागला. कुटलेली माती पाण्यात ढवळून क्षणभर थांबावे. जड वाळू तळाला बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. आता बसतो तो जाडसर, गडद रंग. पुन्हा वरचे पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवले की बारीक, फिकट रंग मिळतो. दुसरी म्हणजे दुसऱ्या बैठकीची! जपानी दुकानदार कुपीवर जो आकडा घालतो, तोच बसवकल्याणच्या ह्या अनामिक चित्रकाराने आपल्या पुडीवर घातला होता. त्याला जपानचे नावही ठाऊक असण्याचा संभव नाही. दोघांनाही ते पाण्याने शिकविले होते.

त्या दिवसापासून मी एक शिस्त पाळतो. पुडी उचलण्यापूर्वी ती कोठे होती ते लिहावयाचे. कोणाकडून आली, कोणत्या खाणीची म्हणून सांगितली, त्या घरात तिला काय नावाने हाक मारीत, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावयाचे. आणि चिठ्ठी पुडीच्या बाहेरही ठेवावयाची, आतही ठेवावयाची. निम्मा रंग बंद ठेवावयाचा आणि अगदी थोडा घोटून, डिंकात एक आणि सरसात एक अशा दोन पट्ट्या कागदावर ओढावयाच्या. काही संग्राहक म्हणतात, जुना रंग वापरणे हा अपराध आहे. तो जसाचा तसा जपावा. मला हे पटत नाही. न घोटलेला रंग म्हणजे न वाचलेली पोथी. पण सगळाच घोटून त्याचे चित्र करून टाकणे हाही उधळेपणाच.

ह्या उठाठेवीचा उपयोग काय, असे मला पुष्कळदा विचारतात. त्याचे उत्तर अजिंठ्याच्या नशिबात आहे. मेजर गिल यांनी केलेल्या तेथील चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे खपून नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या पुष्कळशा १८८५ साली लंडनलाच जळाल्या. पुढे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून आलेले जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात बसून प्रतिकृती उतरविल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात होत्या. १९२३ च्या भूकंपाने त्या नेल्या. याच काम्पोंनी १९४० पासून जपानातल्या होर्यूजी मंदिरातील प्राचीन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामाला वाहून घेतले. ते १९४५ साली वारले. २६ जानेवारी १९४९ रोजी ते मंदिर आगीत सापडले आणि मूळ चित्रे करपून गेली. आपण जी तारीख प्रजासत्ताकदिन म्हणून साजरी करतो त्या तारखेला जपानात पुराणवस्तूंच्या अग्निरक्षणाची कवाईत करतात. होर्यूजीच्या भिंतींवर १९६७-६८ साली पुन्हा चित्रे काढली गेली, ती शक्य झाली ह्याचे कारण पूर्वीच्या प्रतिकृती आणि छायाचित्रे होती, आणि तेच दगड तसेच घोटणारे हात तेथे अजून होते.

अष्टूरच्या घुमटाला आग लागण्याचे भय नसेल. त्याचा शत्रू ओल आहे आणि कधीकधी उत्साहही आहे. अजिंठ्यात १९२० ते १९२२ च्या दरम्यान इटालियन तज्ज्ञांनी चित्रे वाचविण्यासाठी जो लाखेचा लेप दिला, तोच पुढे पिवळा पडून चित्रांना झाकू लागला. तो काढण्यात पुढच्या पिढ्यांची कित्येक वर्षे गेली. त्यांचा हेतू शुद्ध होता. म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी भिंतीवर काय आहे ते ठाऊक पाहिजे. निळा पाहिला तर तो बदख्शानचा राजावर्त, की तांब्याचा दगड, की नीळ, हे नुसत्या डोळ्याला खात्रीने कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कळते, पण तेथेही शेजारी ठेवावयाला खात्रीचा नमुना लागतो. अमेरिकेत हार्वर्डच्या संग्रहालयाचे फोर्ब्ज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून असे रंग जमविले. तो संग्रह आज अडीच हजारांच्या वर गेला आहे आणि जगभरच्या चित्रांची परीक्षा त्यावर होते. माझ्या पेटीतल्या चाळीस पुड्यांना त्या पंक्तीत बसविण्याचा आव मी आणीत नाही. पण त्या येथल्या आहेत.

एक मोह मात्र कबूल करतो. मागे एकदा अष्टूरला गेलो असता भिंतीच्या पायथ्याशी नखाएवढी निळी खपली पडलेली दिसली. राखणदार बाहेर होता. मी ती उचलली, कागदात ठेवली आणि कागद खिशात टाकला. दारापर्यंत आलो. फाल्गुनातल्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या मध्याळचे जंगम येथे येतात. सुलतानाला वली मानणारे मुसलमान आणि त्याला अल्लमप्रभूचे रूप मानणारे हिंदू एकाच उंबऱ्यावर माथा टेकतात. तो उंबरा ओलांडताना माझा पाय अडखळला असे म्हटले तर ते कादंबरीसारखे वाटेल. खरे कारण एवढेच की ह्या पुडीवर चिठ्ठी काय लिहावी हे मला सुचेना. मी मागे फिरलो, राखणदाराला हाक मारली आणि कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो उघडून पाहिला, पुन्हा नीट घडी घातली आणि म्हणाला, "साहेब लोक आले की देतो." पुढे त्याने तो पुराणवस्तू खात्याच्या माणसाकडे पोहोचविल्याचे मला सांगितले.

गेल्या उन्हाळ्यात औरादचा गेरू मी त्या मोडी चिठ्ठीप्रमाणे धुतला आणि दुसऱ्या बैठकीचा रंग जुन्या पुडीच्या शेजारी ओढून पाहिला. कणाची जाडी जवळजवळ तीच आहे. छटा मात्र जुळत नाही. जुना रंग किंचित पिवळटाकडे झुकतो. तेव्हा त्या चित्रकाराची माती औरादची नसावी. सिरसीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या विहिरीच्या खोदकामात अशी पिवळसर तांबडी माती निघाल्याचे ऐकतो. पाऊस उघडला आणि वाट वाळली की तिकडे जावयाचे आहे. ह्या खेपेस वही आणि कोऱ्या चिठ्ठ्या पिशवीत आधीच घालून ठेवल्या आहेत.